जुन्या मेलचं गाठोडं थंडरबर्डमध्ये उतरवताना

गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो असे तिघं दाटीवाटीने राहतात. फोटोंनी जागा खाल्ली की नवे मेल यायचे थांबतात, आणि मग लोक घाईघाईत जुने मेल पुसायला बसतात. पुसण्याआधी ते आपल्या संगणकावर उतरवून घेता येतात. ज्यांचे मेल एखाद्या जुन्या ऑफिसच्या आउटलुक फाइलीत किंवा माळ्यावरच्या विंडोज एक्सपीच्या संगणकात अडकलेत, त्यांनाही शेवटी हेच करायचं असतं. मुक्कामाचं ठिकाण म्हणून इथे मोझिलाचं थंडरबर्ड हा संगणकावरचा मेलचा प्रोग्राम धरला आहे. ते फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि मुख्य म्हणजे ते मेल एमबॉक्स नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवतं. उद्या थंडरबर्ड बंद पडलं तरी ती फाइल दुसऱ्या कशात तरी उघडेल. बाकी सगळ्या सोयीसुविधांपेक्षा ही गोष्ट मोठी.

आधी एक गैरसमज

थंडरबर्डमध्ये जीमेलचं खातं जोडलं, डावीकडे सगळे फोल्डर दिसायला लागले, म्हणजे मेल संगणकावर आले असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. आयमॅप पद्धतीने जोडलेलं खातं हे सर्व्हरवरच्या डब्याचं प्रतिबिंब असतं. सर्व्हरवर मेल पुसला की इथूनही जातो, आणि इथे पुसला की तिथूनही. जागा मोकळी करायची म्हणून एखाद्याने वेबवर जाऊन दहा वर्षांचे मेल उडवले, तर पुढच्या वेळी थंडरबर्ड उघडल्यावर तेही इमानदारीने तेवढेच मेल उडवतं.

खरा संग्रह राहतो तो डाव्या पट्टीत सगळ्यात खाली असलेल्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये. तिथल्या मेलचा कुठल्याही सर्व्हरशी संबंध नसतो. खाली जे जे सांगितलं आहे, त्याचा शेवट मेल या लोकल फोल्डर्समध्ये येण्यात व्हायला हवा. तो तसा झाला नाही तर काम अर्धवटच राहिलं असं समजा.

संग्रह लहान असेल, हजार-दोन हजार मेलचा, तर खातं आयमॅपने जोडायचं, लोकल फोल्डर्सवर राइट क्लिक करून नवा फोल्डर करायचा, आणि मेल निवडून 'कॉपी टू'ने तिकडे न्यायचे. मूव्ह नको, कॉपीच. मध्येच इंटरनेट गेलं तर मूव्हमध्ये कुठला मेल इकडे पोचला आणि कुठला तिकडेच राहिला याचा पत्ता लागत नाही. एका वेळी दोनेक हजारांपेक्षा जास्त मेल उचलू नका. जीमेल आयमॅपवरून दिवसाला साधारण २५०० एमबीच उतरवू देतं. त्यापुढे ते खात्याला काही काळ कुलूप लावतं आणि थंडरबर्ड नुसतंच 'लॉगिन फेल्ड' म्हणत बसतं. पासवर्ड चुकला असं वाटून लोक तो बदलत राहतात. बदलू नका, दुसऱ्या दिवशी आपोआप चालू होतं.

मोठ्या संग्रहाला मात्र वेगळा रस्ता लागतो: सगळे मेल फाइलीत बांधून देणारी गूगलची टेकआउट सेवा.

जागा आणि मोजणी

संग्रहाच्या किमान तिप्पट मोकळी जागा हवी. १२ जीबीचे मेल असतील तर डाउनलोड केलेली झिप, तिच्यातून निघालेली एमबॉक्स फाइल आणि थंडरबर्डमध्ये गेलेली प्रत, अशा तीन प्रती काही काळ एकत्र नांदतात. ४० जीबी मोकळे ठेवले की निवांत. अटॅचमेंट मेलमध्ये बेस-६४ नावाच्या पद्धतीने अक्षरांत रूपांतर होऊन बसलेल्या असतात आणि त्यात त्यांचं वजन सुमारे एक तृतीयांशाने वाढतं. ३ एमबीचा फोटो मेलमध्ये ४ एमबीच्या वर जातो. म्हणून हिशेब अंदाजाने नको, सढळ हाताने करा.

मेल किती आहेत ते आधीच कागदावर लिहून ठेवा. जीमेलमध्ये 'ऑल मेल' उघडलं की उजवीकडे वर आकडा दिसतो, पण तो संभाषणांचा असतो. सात जणांनी एकाच विषयावर केलेली वीस उत्तरं तिथे एकच मोजली जातात. सेटिंग्जमध्ये जाऊन 'कॉन्व्हर्सेशन व्ह्यू' बंद केला की एकेक मेल सुटा मोजला जातो. हे न करता पुढे गेलात, तर जीमेलमध्ये १८ हजार आणि थंडरबर्डमध्ये ३१ हजार असे आकडे पाहून सगळं दोनदा इम्पोर्ट झालं असं वाटेल आणि धडधाकट मेल पुसले जातील.

स्पॅम आणि ट्रॅश आधीच रिकामे करा. नाहीतर तो कचराही टेकआउटमधून सोबत येतो.

जीमेल: टेकआउट

गूगलच्या टेकआउट पानावर गेलं की सगळ्याच सेवांवर खूण केलेली असते. 'डीसिलेक्ट ऑल' दाबा आणि खाली जाऊन फक्त 'मेल'वर खूण करा. त्याच्याखाली 'ऑल मेल डेटा इन्क्लुडेड' असं बटण आहे. त्यातून ठरावीक लेबलंच निवडता येतात. संग्रह फार मोठा असेल तर याचा उपयोग होतो. लेबलांची नावं मराठीत ठेवली असतील तर ती आधीच जीमेलमध्ये रोमन अक्षरांत करून घ्या. का, ते पुढे येईल.

पुढच्या पायरीवर फाइलचा प्रकार आणि आकार विचारतात. प्रकार झिप ठेवा. आकार २ जीबी असा आधीच भरलेला असतो, तो बदलून १० किंवा ५० जीबी करा. म्हणजे तुकडे कमी पडतील. २ जीबीहून मोठी झिप 'झिप-६४' प्रकारची असते आणि काही जुन्या संगणकांना ती उघडत नाही. सेव्हन-झिप हे फुकटचं साधन ठेवा, त्यात उघडते. गूगलला संग्रह बांधायला काही तास लागतात, कधी दिवसही. मेलने लिंक येते आणि ती साधारण आठवडाभरच चालते. गावी जाण्याच्या आदल्या दिवशी हा खटाटोप सुरू करू नका.

झिप उघडल्यावर 'ऑल मेल इन्क्लुडिंग स्पॅम अँड ट्रॅश' अशा लांबलचक नावाची एमबॉक्स फाइल मिळते. एकापेक्षा जास्त निघाल्या तर प्रत्येक वेगळी इम्पोर्ट करायची, जोडाजोडी करत बसायची गरज नाही. ही फाइल पेन ड्राइव्हवर टाकताना 'फाइल फार मोठी आहे' असं आलं, आणि ड्राइव्ह तर रिकामा दिसतोय, तर तो फॅट-३२ प्रकाराने फॉरमॅट केलेला आहे. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. फॉरमॅट केलं की आतलं सगळं जातं, हे सांगायला नकोच.

मूळ फाइलची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि तिला हात लावू नका. पुढचे सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर.

फाइल आत घेणं

यासाठी 'इम्पोर्ट-एक्सपोर्ट टूल्स एनजी' हे थंडरबर्डला जोडायचं छोटं पुरवणी साधन, म्हणजे अ‍ॅड-ऑन लागतं. थंडरबर्डच्या मेन्यूत 'अ‍ॅड-ऑन्स अँड थीम्स'मध्ये शोधून बसवा. थंडरबर्डच्या आता दोन शाखा चालतात: दर महिन्याला नवी येणारी, आणि वर्षभर टिकणारी ईएसआर. अ‍ॅड-ऑन कधीकधी मासिक शाखेच्या मागे पडतात आणि 'सुसंगत नाही' असा निरोप येतो. संग्रहासाठी थंडरबर्ड बसवणाऱ्याने सरळ ईएसआर घ्यावं. दर महिन्याच्या नवलाईचं आपल्याला काय करायचंय?

इम्पोर्ट करण्याआधी दोन गोष्टी बंद करा. सेटिंग्जमध्ये जनरल भागात खाली 'इंडेक्सिंग' आहे, तिथली 'ग्लोबल सर्च अँड इंडेक्सर'ची खूण काढा. मेल आत येत असतानाच त्यांची शोधसूची बांधायचं काम सुरू राहिलं तर संगणक तासन्तास घुमत राहतो. सगळं आटोपल्यावर खूण परत करा आणि रात्रभर चालू ठेवा. दुसरी गोष्ट अँटिव्हायरसची, तिच्याबद्दल पुढे.

आता लोकल फोल्डर्समध्ये 'जुने' किंवा असाच एक फोल्डर करा, त्यावर राइट क्लिक करून अ‍ॅड-ऑनच्या मेन्यूतून 'इम्पोर्ट एमबॉक्स फाइल्स' निवडा, आणि फाइल दाखवा. फाइलच्या नावाचा फोल्डर त्याच्या आत तयार होतो. १० जीबीला चांगल्या एसएसडीवर काही मिनिटं, जुन्या फिरत्या डिस्कवर बराच जास्त वेळ. पडद्यावर 'प्रतिसाद देत नाही' असं दिसलं तरी खिडकी बंद करू नका. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा हलतोय ना ते पाहा. हलत असेल तर काम चालू आहे.

अ‍ॅड-ऑनशिवायही जमतं, आणि आत काय घडतं ते समजायला ही रीत जास्त बरी. 'हेल्प'मधून 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा, तिथे 'प्रोफाइल फोल्डर'समोर (थंडरबर्ड आपले मेल आणि सेटिंग्ज ठेवतं तो फोल्डर) 'ओपन फोल्डर' बटण आहे. ते दाबून फोल्डर उघडा, थंडरबर्ड बंद करा, मग त्या प्रोफाइलमध्ये 'मेल' आणि त्याच्या आत 'लोकल फोल्डर्स'मध्ये जा. तिथे प्रत्येक मेल फोल्डरसाठी एक बिनएक्स्टेन्शनची फाइल दिसेल. तीच एमबॉक्स. तिच्याशेजारी त्याच नावाची एमएसएफ फाइल असते, ती नुसती अनुक्रमणिका. उपफोल्डर असतील तर ते 'एसबीडी' शेपटीच्या डिरेक्टरीत. आपली एमबॉक्स फाइल इथे आणून ठेवायची आणि नावातलं शेवटचं 'डॉट एमबॉक्स' काढून टाकायचं. विंडोज एक्स्टेन्शन लपवून ठेवतं, म्हणून आधी एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. नाव साधं ठेवा: रोमन अक्षरं आणि आकडे, बस. देवनागरी नावं आयमॅपच्या जगात '&' या चिन्हाने सुरू होणाऱ्या सांकेतिक अक्षरांत बदलतात आणि एका साधनातून दुसऱ्यात जाताना तशीच विचित्र उरतात. 'आजीची पत्रं' असं नाव हवंच असेल तर इम्पोर्ट झाल्यावर थंडरबर्डच्या आत फोल्डरचं नाव बदला. ते व्यवस्थित चालतं.

लेबलांचं काय होतं? एमबॉक्समध्ये फोल्डर नसतात, पण टेकआउट प्रत्येक मेलच्या माथ्यावर 'एक्स-जीमेल-लेबल्स' नावाची ओळ लिहून ठेवतं. थंडरबर्डच्या मेसेज फिल्टर्समध्ये 'कस्टमाइझ' करून हे नाव जसंच्या तसं, रोमन अक्षरांत, घालायचं. मग 'या ओळीत बँक असेल तर बँक फोल्डरमध्ये हलवा' असे नियम करून ते फोल्डरवर एकदाच चालवायचे. मराठी लेबल तिथे वाचता न येणाऱ्या संकेतात लिहिलेलं असतं आणि त्यावर नियम लावणं म्हणजे डोकेदुखी. लेबलं आधी रोमन करा म्हटलं ते यासाठी.

आउटलुकच्या पीएसटी फाइली

यात सगळ्यात जास्त वेळ जातो. आधी फाइल ओळखा. पीएसटी हा खरा संग्रह. ओएसटी ही सर्व्हरवरच्या खात्याची संगणकावरची सावली असते आणि ती त्या खात्याशी बांधलेली असते. नोकरी सोडल्यावर ओएसटी उचलून घरी आणणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. खातं चालू असतानाच आउटलुकच्या 'फाइल'मधून 'ओपन अँड एक्सपोर्ट', 'इम्पोर्ट/एक्सपोर्ट', 'एक्सपोर्ट टू अ फाइल', 'आउटलुक डेटा फाइल' असं जाऊन पीएसटी बनवावी लागते. सगळ्यात वरचं नाव निवडा आणि 'इन्क्लूड सबफोल्डर्स'वर खूण आहे ना ते बघा. ती राहिली तर नुसता वरचा थर येतो. (ऑफिसचे मेल घरी न्यायला परवानगी आहे का, हे एकदा विचारून घ्या.)

आउटलुक २००२ पर्यंतच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती. त्या काळातली फाइल २ जीबीच्या अगदी जवळ असेल तर ती बहुधा बिघडलेली आहे, कारण मर्यादा ओलांडली की ती उघडायलाच नकार देत असे. २००३ पासून नवा प्रकार आला, त्याची मर्यादा २० जीबी, आणि २०१० पासून ५०. बिघडलेल्या फाइलीसाठी ऑफिससोबतच 'स्कॅन-पीएसटी' नावाचं दुरुस्तीचं साधन येतं. ते मूळ फाइलवर चालवू नका, प्रतीवर चालवा, आणि एकदा नाही, चुका निघायच्या थांबेपर्यंत परत परत चालवा.

मग रस्ते तीन. संगणकावर जुन्या पद्धतीचं आउटलुक बसवलेलं असेल आणि त्यात ही पीएसटी उघडत असेल, तर थंडरबर्डच्या 'टूल्स'मधलं 'इम्पोर्ट' आउटलुकमधून थेट मेल घेतं. दोन्ही एकाच जातीचे हवेत: आउटलुक ३२ बिटचं तर थंडरबर्डही ३२ बिटचं. ६४ बिटच्या थंडरबर्डला ३२ बिटचं आउटलुक दिसतच नाही, आणि ते निरोपही धड देत नाही. नुसतं 'काही सापडलं नाही' म्हणून मोकळं. विंडोजसोबत येणारं नवं आउटलुक या कामाचं नाही.

दुसरा रस्ता लिनक्सचा. आउटलुक नसलं तरी चालतं, म्हणून माझी पसंती याला. उबुंटू या लिनक्समध्ये 'पीएसटी-युटिल्स' हे पॅकेज बसवलं की 'रीडपीएसटी' ही आज्ञा मिळते. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) उबुंटू घालून तेच करावं. 'आर' हा पर्याय दिला की पीएसटीतली फोल्डरांची रचना जशीच्या तशी राहून प्रत्येक फोल्डरची एमबॉक्स निघते. 'ओ' पर्यायाने ती कुठे ठेवायची ते सांगायचं. दोन्ही पर्याय छोट्या अक्षरांत लिहायचे. संपर्क आणि कॅलेंडर वेगळ्या फाइलींत निघतात, ते थंडरबर्डच्या अ‍ॅड्रेस बुकात आणि कॅलेंडरात स्वतंत्र घ्या. निघालेल्या एमबॉक्स वरच्याच रीतीने आत घ्यायच्या.

तिसरा रस्ता लांबचा, पण कुठल्याही साधनाशिवाय होणारा. आउटलुकमध्येच एखादं आयमॅप खातं जोडायचं, पीएसटीतले मेल त्यात ओढायचे, आणि थंडरबर्डमधून तेच खातं उघडून ते लोकल फोल्डर्समध्ये कॉपी करायचे. जीमेल वापरणार असाल तर दिवसाला साधारण ५०० एमबीच वर चढवता येतात. ४ जीबीला आठवडा उलटून जाईल. शिवाय तेवढी जागा तिथे मोकळी हवी, आणि ती नाही म्हणूनच तर हा सगळा उद्योग.

इतर जुनी बिऱ्हाडं

आउटलुक एक्सप्रेसमध्ये प्रत्येक फोल्डरची एक डीबीएक्स फाइल असे. एक्सपीचा संगणक अजून सुरू होत असेल तर एक्सप्रेसमध्ये फोल्डर उघडा, सगळे मेल निवडा आणि डेस्कटॉपवरच्या एखाद्या रिकाम्या फोल्डरात ओढून टाका. प्रत्येक मेलची एक ईएमएल फाइल होते. त्या अ‍ॅड-ऑनच्या 'इम्पोर्ट ऑल मेसेजेस फ्रॉम अ डिरेक्टरी'ने आत येतात. संगणक गेला आणि फक्त डिस्क उरली असेल, तर डीबीएक्सचे ईएमएल करणारं 'अनडीबीएक्स' हे मुक्त साधन आहे. विंडोज लाइव्ह मेल मुळातच ईएमएल ठेवायचं, तिथे नुसतं डिरेक्टरीकडे बोट दाखवायचं.

मॅकच्या मेलमध्ये 'एक्सपोर्ट मेलबॉक्स' केलं की एमबॉक्स नावाचा दिसतो तो खरं तर एक फोल्डर असतो. त्याच्या आत 'एमबॉक्स' याच नावाची बिनशेपटीची फाइल असते, ती उचलायची. बाहेरचाच उचलला म्हणून 'इम्पोर्ट होत नाही' अशा तक्रारी होतात. युडोरा या जुन्या मेल प्रोग्रामचे मेलही एमबॉक्ससारखेच, पण युडोरा अटॅचमेंट मेलमधून काढून वेगळ्या फोल्डरात टाकत असे आणि मेलमध्ये फक्त जागेचा पत्ता उरे. तो अटॅचमेंटचा फोल्डर सोबत घेतला नाही तर नुसती पत्रं येतील, सोबतचे फोटो नाहीत.

जुन्या थंडरबर्डमधून नव्यात जायचं असेल तर अख्खं प्रोफाइल उचला. त्याआधी जुन्यात फोल्डर कॉम्पॅक्ट करा (रीत पुढे 'आवराआवर'मध्ये), नाहीतर पुसलेले मेलही नव्या घरी हजर होऊ शकतात.

हमखास होणारे घोटाळे

फोल्डरात वरच्या किंवा तळच्या टोकाला काही मेल १ जानेवारी १९७० या तारखेचे दिसतात, वेळ पहाटे साडेपाचची, पाठवणाऱ्याचं नाव कोरं. संगणकाचं घड्याळ १९७० च्या पहिल्या क्षणी ग्रीनिचमध्ये सुरू होतं, आपल्याकडे तेव्हा साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे या मेलला तारीखच नाही. असं का होतं? एमबॉक्समध्ये नवा मेल कुठे सुरू होतो हे 'फ्रॉम' या इंग्रजी शब्दाने आणि त्यापुढच्या मोकळ्या जागेने सुरू होणाऱ्या ओळीवरून ठरतं. कोणी पत्राच्या मजकुरातच 'फ्रॉम पुणे टू मुंबई' अशी ओळ इंग्रजीत लिहिली असेल आणि जुन्या प्रोग्रामने तिच्या पुढे बाणासारखं '>' चिन्ह घातलं नसेल, तर थंडरबर्डला तिथे नवा मेल सुरू झाल्यासारखा वाटतो आणि एका पत्राची दोन होतात. पाच-सात असतील तर सोडून द्या, मजकूर कुठे गेलेला नाही. शेकड्यांनी असतील तर एमबॉक्स बनवणारं साधन बदला.

फोल्डर रिकामा दिसतो, पण डिस्कवर फाइल ८ जीबीची आहे. अनुक्रमणिका बिघडली आहे. फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रिपेअर फोल्डर' दाबा. त्यानेही झालं नाही तर थंडरबर्ड बंद करून फक्त एमएसएफ फाइल पुसा, ती परत तयार होते. चुकून बिनशेपटीची पुसलीत तर मात्र मेलच गेले. त्या क्षणासाठीच ती बाहेरच्या डिस्कवरची प्रत.

काल इम्पोर्ट केलेला अख्खा फोल्डर आज नाहीसा. इथे अँटिव्हायरसकडे बघा. २००० सालच्या मे महिन्यात 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस मेलमधून जगभर फिरला होता. त्या काळातल्या संग्रहात असलं काहीतरी अजून पडलेलं असतं. अँटिव्हायरसला तो एका मेलमध्ये सापडतो, पण त्याच्या दृष्टीने सगळे मेल मिळून एकच फाइल असते, म्हणून तो फाइलच उचलून कोठडीत टाकतो. प्रोफाइलचा फोल्डर त्याच्या वगळण्याच्या यादीत घाला. कोठडीत गेलेली फाइल तिथून परत आणता येते, घाबरून लगेच सगळं पुन्हा इम्पोर्ट करू नका. जुनी अटॅचमेंट उघडताना मात्र ती सुटी डिस्कवर उतरवून तपासून घ्या.

वनड्राइव्ह किंवा तत्सम सेवेच्या फोल्डरात प्रोफाइल ठेवू नका. एक मेल बदलला तरी ८ जीबीची फाइल परत वर चढायला लागते, आणि मधल्या मध्ये अनुक्रमणिकेचा चुथडा होतो.

मराठी मजकूर वाचता येत नसेल तर

जुन्या मराठी मेलचे तीन प्रकारचे हाल दिसतात, आणि कुठला आहे हे नीट बघूनच उपाय ठरवायचा.

पहिला: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' दर दोन-तीन चिन्हांनंतर येतो, आणि त्याच्या पाठीला चलनासारखं गोल चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह. हे निरोगी युनिकोड (अक्षरं साठवायची आजची सर्वमान्य पद्धत) मराठी आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून पाहिलेलं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ या युनिकोडच्या नेहमीच्या मांडणीत तीन बाइट घेतं. पहिला बाइट नेहमी एकच, दुसरा दोनपैकी एक. म्हणून ती जोडी सारखी सारखी दिसते. 'व्ह्यू'मध्ये 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' दाबा, बहुतेक वेळा तिथल्या तिथे मराठी उमटतं.

दुसरा: साधी रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं, पण अर्थ काहीच लागत नाही. हा मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टातला: शिवाजी, किरण, आकृती, पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, पुण्याच्याच सी-डॅकचा डीव्ही-टीटी सुरेख. फाइलीत रोमन अक्षरंच आहेत, मराठी होती ती फॉन्टाच्या चित्रात. एन्कोडिंग कितीही बदला, फरक पडणार नाही. मेलचा सोर्स उघडला (कंट्रोल आणि यू) की फॉन्टचं नाव बऱ्याचदा लिहिलेलं सापडतं. तो फॉन्ट संगणकावर बसवला की मेल वाचता येतो. शोधता मात्र येत नाही. महत्त्वाची पत्रं फॉन्ट-रूपांतरकातून युनिकोडमध्ये घेऊन वेगळी ठेवा, आणि मूळ मेल पुसू नका. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात, तेव्हा मूळ हाताशी लागतं.

तिसरा: नुसती प्रश्नचिन्हं. कुठल्यातरी सर्व्हरने वाटेतच अक्षरं टाकून दिली. त्याला उपाय नाही. ज्याने पाठवला त्याच्या 'सेंट'मध्ये शाबूत प्रत असू शकते, तेवढीच आशा.

आवराआवर

सगळे मेल एकाच १२ जीबीच्या फोल्डरात ठेवू नका. चालतं, पण एक बाइट बिघडला तरी धोका सगळ्यांना. तारखेच्या रकान्याने क्रम लावा, एका वर्षाचा पहिला मेल निवडा, शिफ्ट धरून शेवटचा निवडा, आणि २००९, २०१० अशा फोल्डरांत हलवा. 'ए' ही कळ दाबली की थंडरबर्ड वर्षवार फोल्डर आपोआप करतं, पण ते करण्याआधी अकाउंट सेटिंग्जमधल्या 'कॉपीज अँड फोल्डर्स'मध्ये आर्काइव्ह ठेवायची जागा 'लोकल फोल्डर्स' करा. ती जीमेलवर राहिली असेल, तर मोठ्या कष्टाने खाली आणलेले मेल परत वर चढायला लागतील.

हलवल्यावरही मूळ फाइलचा आकार तेवढाच दिसतो. थंडरबर्ड हलवलेल्या किंवा पुसलेल्या मेलवर फक्त खूण करतं, मजकूर फाइलीत तसाच राहतो. फोल्डरवर राइट क्लिक करून 'कॉम्पॅक्ट' केलं की तो खरोखर जातो आणि जागा सुटते. कॉम्पॅक्ट करताना फाइलीएवढीच मोकळी जागा तात्पुरती लागते, आणि ते चालू असताना लॅपटॉपचं झाकण मिटू नये.

आता कागदावरचा आकडा काढा. खालच्या पट्टीत प्रत्येक फोल्डरचा 'टोटल' दिसतो. वर्षांची बेरीज जीमेलच्या आकड्याशी जुळायला हवी. दहा-वीसचा फरक १९७० वाल्या तुकड्यांचा किंवा गूगलच्या जुन्या चॅटचा असतो. हजाराचा फरक म्हणजे एखादी फाइल इम्पोर्ट करायची राहिली. मग नुसत्या आकड्यावर न थांबता प्रत्येक वर्षातला एक जुना, मोठी अटॅचमेंट असलेला मेल उघडा आणि ती अटॅचमेंट प्रत्यक्ष उघडते का ते पाहा. हे झाल्याशिवाय सर्व्हरवरचा एकही मेल पुसायचा नाही.

थंडरबर्ड बंद करून अख्खं प्रोफाइल बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. ते चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट असू शकते. एमबॉक्स हा उघडा मजकूर आहे, नोटपॅडमध्येही वाचता येतो. पॅन कार्डं, बँकेची पत्रकं, घरचे कागद सगळे त्यात आहेत. म्हणून ती डिस्क बिटलॉकर किंवा तशाच साधनाने कुलूपबंद करा, आणि त्या कुलपाची किल्ली त्याच मेलच्या गाठोड्यात ठेवू नका.